घराची जमीन : सागवानी फळी कीं लाकडाचें चित्र?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक तेथें श्रद्धेनें येतात. या टेकडीवर वाटोळे, खडबडीत असे दगड विखुरलेले आढळतात. कोणी त्यांना नारळ म्हणतात, कोणी जायफळें म्हणतात. त्यांच्याविषयीं कथा अशी सांगतात कीं, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं फरीदबाबांची थट्टा केली, तेव्हां बाबांनीं त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले; आणि व्यापारी शरण आले तेव्हां वाळलेलीं पानें व काटक्या यांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. व्यापारी मग पुढें गेलेच नाहींत. ते बाबांच्या सेवेला राहिले, आणि टेकडीवरील दोन थडगीं त्यांचींच असें मानतात. भूगर्भशास्त्रज्ञ या दगडांची गणना झिओलाइट वर्गाच्या खनिजांत करतात. दख्खनच्या लाव्हारसांत वायूच्या बुडबुड्यांनीं ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत हीं खनिजें मागाहून सांचत गेलीं.

कथा आणि शास्त्र आपापल्या जागीं असोत. काटक्यांतून माल करण्याची विद्या मात्र अलीकडे कारखानदारांनाहि चांगली साधली आहे, आणि तो माल गिरडच्या घरांपर्यंत येऊन पोंचला आहे. एखादें कुटुंब नवें घर बांधावयास काढतें. वरच्या मजल्यावरील निजण्याच्या खोलीला लाकडी जमीन असावी अशी घरांतील तरुणांची हौस असते. वडील मंडळींना तो खर्च अनाठायीं वाटतो. शेवटीं सर्वजण नागपूरच्या दुकानांत जातात. तेथें दुकानदार दोन तुकडे पुढें मांडतो. दोहोंचा रंग मधासारखा, दोहोंवर सागाच्या शिरा सारख्याच स्पष्ट. एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट. आणि दुकानदाराच्या तोंडीं दोहोंना नांव एकच : 'वुडन फ्लोअरिंग'. येथेंच गोंधळाला आरंभ होतो.

हे दोन तुकडे दिसावयास सारखे असले तरी त्यांची जात अगदीं भिन्न आहे, आणि ती ओळखणें फारसें अवघड नाहीं. तुकडा हातीं घेऊन त्याचा कापलेला शेवट पाहावा. अस्सल लाकडाच्या फळींत वर दिसणारी शीर आडव्या कापांतहि उतरलेली असते. वरपासून खालपर्यंत लाकूड एकच. लॅमिनेटच्या तुकड्याच्या कापांत शीर मुळींच नसते, तर दाबून बसविलेल्या भुशासारखा तपकिरी, एकजिनसी गाभा दिसतो आणि त्यावर कागदाएवढा पातळ रंगीत थर. तिसरा एक प्रकार या दोहोंच्या मधला आहे. त्यांत प्लायवुडच्या पायावर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा चिकटविलेला असतो. त्याला 'एंजिनिअर्ड' लाकूड म्हणतात. आणखी एक खूण अशी कीं, लॅमिनेटच्या पेटींतील दहाबारा पट्ट्या ओळीनें मांडल्या तर तीच गांठ आणि तीच शीर दोनतीन पट्ट्यांवर पुन्हां आढळते. झाडांना अशी पुनरुक्ति करण्याची संवय नाहीं.

सागवानाविषयीं विदर्भांतील माणसाला नव्यानें सांगण्यासारखें थोडेंच आहे. आलापल्लीच्या जंगलांतील साग आणि बल्लारशाहच्या डेपोंतील लिलांव यांची कीर्ति जुनी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं २०२३ सालीं सागवान गेलें तें बल्लारशाहहूनच. या लाकडाच्या गाभ्यांत जीं तेलकट द्रव्यें असतात तीं वाळवीला मानवत नाहींत. परंतु हा गुण गाभ्याचा आहे, सबंध झाडाचा नव्हे. सालीलगतचें फिकट, पांढुरकें लाकूड वाळवी इतर लाकडांइतक्याच आवडीनें खाते. फळीच्या एका कडेला पांढरा पट्टा असला कीं सुतार तो रंगाखालीं झांकतो आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाहीं; म्हणून फळ्या पॉलिश होण्यापूर्वींच पाहून घ्याव्या.

लाकडाचा खरा स्वभाव मात्र वाळवीपेक्षां पाण्यावरून अधिक कळतो. झाड तोडून, चिरून, वाळवून त्याची फळी झाली तरी तिची हवेशीं चाललेली देवघेव थांबत नाहीं. हवा दमट झाली कीं फळी ओलावा शोषून रुंदावते. हवा कोरडी झाली कीं तो सोडून आवळते. लांबींत हा फरक नगण्य असतो, सगळा खेळ रुंदींतला आहे. आतां वर्धेकडील हवामान पाहावें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो आणि दुपारच्या हवेंत आर्द्रता २० टक्क्यांच्याहि खालीं येते. अशा हवेंत लाकूड दीर्घकाळ राहिलें तर त्यांतील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास उतरतें. जुलै-ऑगस्टांत आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली कीं तेंच प्रमाण सतरा टक्क्यांकडे चढूं लागतें. सागवान हें या बाबतींत शांत लाकूड समजलें जातें, तरीहि पाण्याच्या प्रमाणांत दर एक टक्का वाढ झाली म्हणजे आडव्या चिरकामाची १०० मिलिमीटर रुंद फळी सुमारें ०·१९ मिलिमीटर वाढते. तेरा टक्क्यांचा फेर पूर्णपणें पडला तर एका फळीमागें जवळजवळ अडीच मिलिमीटर! बारा फूट रुंदीच्या खोलींत अशा छत्तीस फळ्या बसतात. गुणाकार केला तर आंकडा छातींत धडकी भरविणारा आहे.

सुदैवानें एवढा फेर प्रत्यक्षांत पडत नाहीं. तेल, मेण किंवा पॉलिश यांचा हात दिलेला असला कीं ओलाव्याची ये-जा मंद होते, आणि फळी पूर्ण फुगण्यापूर्वींच ऋतु पालटतो. शिवाय चिरकामाची दिशा बदलली तर हालचाल जवळजवळ निम्म्यावर येते. झाडाच्या वर्तुळांना काटकोनांत चिरलेल्या फळीच्या पृष्ठावर शिरा सरळ, समांतर रेघांप्रमाणें दिसतात. उलट ज्या फळीवर डोंगराच्या आकाराच्या मोहक कमानी दिसतात ती आडव्या चिरकामाची. गिऱ्हाईक बहुधा कमानींवर भाळतें, आणि जास्त हलणारी फळी हौसेनें घरीं आणतें. जमिनीसाठीं सरळ शिरांची, अरुंद, फार तर तीन इंच रुंदीची फळी घ्यावी, आणि भिंतीच्या कडेनें अर्ध्या इंचाची मोकळी जागा सोडून ती पट्टीनें झांकावी, हा त्यावरचा उपाय. एवढें करूनहि उन्हाळ्यांत फळ्यांमध्यें बारीक फटी दिसतील आणि श्रावणांत त्या मिटतील. हा दोष नव्हे. पण ज्या गृहिणीला फटींत अडकलेली धूळ पाहवत नाहीं, तिनें ही गोष्ट पैसे मोजण्यापूर्वीं जाणून घेतलेली बरी.

विदर्भांत या हिशेबांत आणखी एक भर पडते, ती कूलरची. पूर्वीं खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. आतां तेंच काम वाळवणाच्या गवताच्या जाळ्यांतून पाणी सोडून पंखा करतो. वाऱ्याचा झोत ओला असतो. त्यामुळें भर उन्हाळ्यांत, बाहेर सर्व कांहीं तडकत असतां, कूलरच्या समोरच्या दोनचार हात जमिनीला रोज रात्रीं पावसाळा भेटतो आणि सकाळीं पुन्हां वैशाख. कूलर ठिबकत असला तर मग विचारावयासच नको. लाकडी जमिनीच्या खोलींत कूलर खिडकीच्या बाहेर टांगलेला असावा आणि त्याचा झोत उंचावरून जावा, एवढी काळजी घेतली तर पुष्कळ हानि टळते.

आतां दुसऱ्या तुकड्याकडे वळावें. टेबलांवर आणि कपाटांवर चिकटविलेला सनमायका घरोघर परिचित आहे. लॅमिनेटची जमीन ही त्याचीच बहीण. स्वीडनमधील पेरस्टॉर्प या कंपनीनें १९७७ सालीं ती शोधून काढली आणि १९८४ सालापासून ती यूरोपांत विकली जाऊं लागली. आरंभीं पट्ट्या सरसानें जोडाव्या लागत. १९९० नंतरच्या दशकांत एकमेकींत टक्कन् अडकणाऱ्या कडांची युक्ति निघाली, आणि तेव्हांपासून एक कारागीर एका दिवसांत एक खोली पुरी करूं लागला. पट्टीची जाडी साधारणतः आठ ते बारा मिलिमीटर. तिचा मुख्य भाग म्हणजे लाकडाचा चुरा तंतुरूपांत दळून, राळेंत कालवून, प्रचंड दाबाखालीं घट्ट केलेला तक्ता. त्यावर लाकडाचें छायाचित्र छापलेला कागद. कागदावर मेलॅमाइनच्या राळेचें पारदर्शक कवच, आणि त्या कवचांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण. हें द्रव्य रसायनदृष्ट्या आपल्या ओळखीच्या कुरुंदाहून वेगळें नाहीं. सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकांत जो कुरुंद पोलाद झिजवितो, तोच येथें पायांखालीं झीज सोसण्यास बसविलेला असतो.

म्हणूनच ओरखड्यांच्या बाबतींत हा कागदी तक्ता सागवानाहून सरस ठरतो, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. लोखंडी पलंग सरकविला, मुलांनीं खेळण्याची गाडी फिरविली, कुत्र्यानें नखें ओढलीं, तर सागवानावर खूण उमटते. चांगल्या लॅमिनेटवर सहसा उमटत नाहीं. या टिकाऊपणाच्या प्रती ठरलेल्या आहेत. पेटीवर एसी १ पासून चढत्या क्रमानें आंकडा छापलेला असतो. राहत्या घराला एसी ३ पुरेसा, आणि वर्दळीच्या दिवाणखान्याला एसी ४ घ्यावा. पेटीवर आणखी एक खूण शोधावी, ती ई १ ही. राळेंतून फॉर्मॅल्डिहाइड नांवाचा डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायु थोडाथोडा सुटत असतो. तो ठराविक मर्यादेंत आहे, एवढें ही खूण सांगते. स्वस्त आणि बिननांवाच्या मालांत ही खूण नसते, आणि उन्हाळ्यांत बंद खोलींत उष्णता वाढली कीं तो वायु अधिक सुटतो. ज्या खोलींत तान्हें मूल निजावयाचें आहे तेथें असला माल घालून चार रुपये वांचविण्यांत अर्थ नाहीं.

परंतु लॅमिनेटचें मर्मस्थान पाण्यांत आहे. वरचें कवच पाणी अडवितें. सांध्यांना तें सामर्थ्य नसतें. आपल्याकडे जमीन पुसावयाची ती बादलीभर पाण्यानें, आणि दिवाळीच्या आधीं तर ती धुवावयाची. हें पाणी सांध्यांतून आंत उतरलें कीं दाबलेला भुसा फुगतो आणि पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात. सागवान फुगलें तर वाळल्यावर बहुतांशीं पूर्वस्थितीला येतें. भुशाचा तक्ता फुगला तो फुगलाच. त्यांतील दाबानें बसविलेले तंतु एकदां सुटले म्हणजे पुन्हां बसत नाहींत. पाण्याला अधिक काळ दाद न देणारे नवे प्रकारहि बाजारांत आले आहेत, पण 'वॉटरप्रूफ' या शब्दावर भिस्त ठेवण्यापूर्वीं तो किती तासांसाठीं आहे, तें विचारावें. स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघर आणि पाण्याचे माठ ठेवण्याची जागा या ठिकाणीं सागवान नको आणि लॅमिनेटहि नको. तेथें दगडाची किंवा भाजलेली फरशीच बरी.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. सागवानाच्या एवढ्या सान्निध्यांत राहून या भागांतील पूर्वजांनीं पायांखालीं लाकूड कां घातलें नाहीं? त्यांनीं तें घातलें, पण वरच्या मजल्यावर. जुन्या वाड्याची माडी पाहावी : तुळया, त्यांवर वासे, वर तक्ते. त्या तक्त्यांच्या खालून वारा खेळता राहत असे आणि भुईचा ओलावा त्यांना शिवत नसे. तळमजल्यावर मात्र सारवलेली भुई किंवा दगडी फरशी. सेवाग्राम येथें १९३६ सालीं उभारलेल्या आश्रमाच्या कुटीहि मातीच्याच जमिनीच्या आहेत. यांत काटकसर होती, तशीच हवामानाची समजूतहि होती. लाकूड उष्णतेचें मंद वाहक असल्यानें जानेवारींत त्यावर अनवाणी चालणें सुखावह वाटतें. पण मे महिन्यांतील दुपारीं उघड्या फरशीवर अंग टाकल्यानें जो थंडावा मिळतो, तो लाकडावर मिळत नाहीं. थंड देशांनीं लाकूड निवडलें आणि वऱ्हाड-नागपुरानें दगड व माती निवडली, तें फॅशन म्हणून नव्हे.

काळ्या मातीचा विचारहि येथें करावा लागतो. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत हातभर भेगा पडून आवळते आणि वरच्या बांधकामाला थोडेंबहुत हलवीत राहते. तळमजल्याच्या जमिनींतून ओल वर चढते ती निराळीच. अशा जमिनीवर थेट लाकडाची फळी किंवा लॅमिनेटची पट्टी घालणें म्हणजे तिला दमट कांबळ्यावर निजविण्यासारखें आहे. तळमजल्यावर लाकूड घालावयाचेंच असेल तर ओल तोडणारा थर पक्का बसविलेला हवा आणि त्याची परीक्षा झालेली हवी. परीक्षा सोपी आहे. दीड हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा सिमेंटच्या जमिनीवर चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. उचलल्यावर खालीं पाण्याचे थेंब दिसले किंवा सिमेंट काळवंडलें, तर थांबावें. ही परीक्षा मे महिन्यांत घेणें म्हणजे स्वतःची समजूत घालणें आहे. ती भाद्रपदांत घ्यावी. नव्या स्लॅबच्या बाबतींतहि घाई नको, कारण सिमेंटमधील पाणी दर इंच जाडीमागें साधारण एक महिना घेऊनच बाहेर पडतें.

खर्चाचा निवाडा करतांना बहुतेक घरांत एक चूक होते. पहिल्या दिवसाची किंमत तोलली जाते आणि तिसाव्या वर्षाची तोलली जात नाहीं. अठरा-वीस मिलिमीटरची सागवानी फळी मळली, ओरखडली, काळी पडली, तर तिचा वरचा पापुद्रा घासून काढतां येतो आणि खालून तेंच लाकूड नवें होऊन निघतें. असें चार-पांच वेळां सहज करतां येतें. पंधरा वर्षांनीं एकदां म्हटलें तरी ती जमीन नातवंडांपर्यंत पोंचते. लॅमिनेटला घासणें शक्य नाहीं. चित्राच्या खालीं दुसरें चित्र नसतें. त्याची पट्टी बिघडली तर ती बदलावी लागते, आणि मधली पट्टी काढावयाची तर बहुधा भिंतीपासून तेथपर्यंतच्या पट्ट्या सोडवीत यावें लागतें. दहा वर्षांनीं तो नमुनाच बाजारांतून नाहींसा झालेला असतो. म्हणून लॅमिनेट घेणाऱ्यानें एक पेटी अधिक घेऊन ती कोरड्या जागीं, आडवी ठेवून द्यावी. हा खर्च पुष्कळांना वायफळ वाटतो, आणि चारपांच वर्षांनीं त्यांनाच दुकानें पालथीं घालावीं लागतात.

याचा अर्थ लॅमिनेट टाकाऊ आहे, असा नव्हे. नोकरीनिमित्त नागपुरांत सदनिका घेऊन राहणारें कुटुंब, जें सातआठ वर्षांनीं दुसरीकडे जाणार आहे, त्यानें सागवानांत पैसे गुंतविणें अव्यवहार्य आहे. वरच्या मजल्यावरील कोरड्या खोलींत, ओल्या फडक्याऐवजीं नीट पिळलेलें फडकें वापरण्याची शिस्त असलेल्या घरांत, लॅमिनेट आपलें काम चोख करतें आणि परवडतें. उलट गांवच्या ज्या घरांत चार पिढ्या नांदावयाच्या आहेत, तेथें तेंच लॅमिनेट दर बारा-पंधरा वर्षांनीं उकलून फेकावें लागलें, तर स्वस्ताई कोठें राहिली? उकललेला तक्ता चुलींतहि घालतां येत नाहीं, कारण राळेचा धूर विषारी असतो. सागवानी फळी जमिनींतून निघाली तरी तिचा पाट होतो, फडताळ होतें, निदान खुंट्या तरी होतात.

सागवानाची किंमत आवांक्याबाहेर वाटणाऱ्यांना एक तिसरी वाट मोकळी आहे, ती जुन्या लाकडाची. विदर्भांत आणि पुण्याकडेहि जुने वाडे पाडले जातात आणि त्यांच्या तुळया-वासे वखारींत येऊन पडतात. हें लाकूड साठ-सत्तर वर्षें वाळून, ऋतूंचे तडाखे सोसून स्थिर झालेलें असतें. त्याचा गाभा आजच्या लागवडीच्या कोंवळ्या सागाहून बहुधा दाट असतो. तें चिरून फळ्या पाडल्या तर नव्या सागवानापेक्षां कमी पैशांत उत्तम जमीन होते. मात्र आंत मोडलेले खिळे असतात, ते करवतीचें पातें मोडतात, आणि म्हणून चिरणारा मजुरी जास्त मागतो; ती द्यावी. प्रत्येक तुळई ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर वाळवीनें आंतून पोखरलेली आहे असें समजावें. दुकानाची चकाकी या लाकडाला नसते, वखारवाला त्याची छापील माहितीहि देत नाहीं, त्यामुळें शहरांतील मंडळी तिकडे सहसा फिरकत नाहींत.

शेवटीं घालण्याच्या मुहूर्ताविषयीं. कंत्राटदाराला घर अक्षय्य तृतीयेपूर्वीं पुरें करावयाचें असतें, आणि त्यामुळें फळ्या नेमक्या भर उन्हाळ्यांत, अगदीं आवळलेल्या असतांना, एकमेकींना घट्ट भिडवून ठोकल्या जातात. पहिल्याच पावसांत त्या फुगतात, जागा सांपडत नाहीं, आणि खोलीच्या मध्यभागीं जमीन कमान टाकते. भर पावसाळ्यांत घातल्या तर वैशाखांत बोटभर फटी. पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकांत, हवा मध्यम असते. तोच काळ निवडावा. फळ्या किंवा पट्ट्या पेट्यांतून काढून त्याच खोलींत आडव्या रचून ठेवाव्या. लॅमिनेटला दोन दिवस पुरतात, सागवानाला दोन आठवडे तरी द्यावे. त्या दिवसांत खोलीच्या खिडक्या नेहमींप्रमाणें उघड्या-बंद कराव्या, कूलर असेल तर तो बाहेर काढून ठेवावा, आणि सुतारानें कितीहि घाई केली तरी त्याला तोंवर दुसऱ्या खोलीचें काम द्यावें.